अस्सल, नक्कल आणि डागडुजी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या ‘जुनी खेळणी’ ह्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हीरक महोत्सव समितीने जुन्या खेळण्यांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले, तेव्हा आवाहनाला इतका प्रतिसाद मिळेल असे आम्हांपैकी कोणालाच वाटले नव्हते. सावंतवाडीची लाकडी फळे आली, भातुकलीची पितळी भांडी आली, सागरगोट्यांच्या थैल्या आल्या. एका आजोबांनी दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा पाठवला. त्याचे नाक झिजून गेले आहे, पण ढाल शाबूत आहे. आणि ह्या साऱ्यांबरोबर वेगवेगळ्या घरांतून मिळून शिशाचे तेवीस सैनिक आले. महूची छावणी आपल्यापासून इतकी जवळ असताना ते यावेत ह्यात नवल नाही. मात्र त्या तेवीस सैनिकांखाली कोणती चिठ्ठी लिहायची, हा प्रश्न समितीने माझ्यावर सोपवला. कारण ह्या विषयाचा नाद मला गेली वीस-बावीस वर्षे आहे, हे शिक्षककक्षात सर्वांना ठाऊक आहे. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या चिठ्ठ्यांचेच लांबलेले स्पष्टीकरण समजावे.

आधी हे सैनिक कोठले, ते सांगते. लंडनमध्ये विल्यम ब्रिटन नावाच्या कारागिराचे कुटुंब यांत्रिक खेळणी तयार करीत असे. ब्रिटन हे येथे देशाचे नाव नसून आडनाव आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. त्या काळी इंग्लंडातील मुलांच्या हाती धातूचे जे सैनिक असत ते बहुतांशी जर्मनीतून येत. न्यूरेंबर्गचे कारखाने कागदासारखे चपटे कथलाचे सैनिक काढीत. ड्रेस्डेनच्या हायडे कारखान्याचे सैनिक भरीव असत. भरीव म्हणजे जड, आणि जड म्हणजे महाग. १८९३ साली धाकट्या विल्यम ब्रिटनने ह्यावर तोड काढली. शिसे, कथील आणि अँटिमनी ह्यांचा वितळलेला रस दुपाखी साच्यात ओतायचा; साच्याला टेकलेला थर थिजला की साचा उलटा करून आतला पातळ रस परत काढून घ्यायचा. मागे राहते ते सैनिकाच्या आकाराचे पोकळ कवच. धातू कमी लागला, वजन उतरले, किंमत उतरली आणि काही वर्षांतच जर्मन मालाची सद्दी ओसरली. ५४ मिलिमीटर उंचीचे हे सैनिक पुढे पाऊणशे वर्षे निघत राहिले. एच. जी. वेल्स ह्यांच्यासारख्या लेखकाने १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून ह्या सैनिकांच्या लुटुपुटीच्या लढायांचे नियम घालून दिले. शिसे विषारी असते ही जाणीव वाढली, प्लॅस्टिक स्वस्त झाले, आणि १९६६ मध्ये ब्रिटन कंपनीने शिशाच्या आकृत्या ओतणे बंद केले.

आपला ह्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. १८९६ च्या सुमारास ह्या कारखान्याने हिंदुस्थानी पलटणींचे संच काढले. ६६ क्रमांकाच्या पेटीत मुंबई इलाख्याचे भालाईत स्वार होते, ६८ क्रमांकाच्या पेटीत मुंबईचेच पायदळ. घोडेस्वार असले की एका पेटीत पाच, पायदळ असले की आठ. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यातील सतरंजीवर एखादा इंग्रज मुलगा जे सैन्य लढवीत होता, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणींतील फेटेवाले सैनिक होते, आणि त्या पलटणींत मराठी माणसे भरती होत होती. तीच पेटी पुढे साहेबाच्या सामानातून हिंदुस्थानात परत आली. माझे सासरे तरुणपणी महूच्या छावणीत कारकून होते. १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज कुटुंबाच्या सामानाचा लिलाव झाला. सासऱ्यांनी त्यात एक खुर्ची घेतली आणि खुर्चीबरोबर एक लाल पेटी आली. खुर्ची केव्हाच मोडली. पेटी माझ्याकडे आहे.

ज्या वस्तूला भाव नाही तिची बनावट कोणी करीत नाही. आपल्या दिवाळीच्या मावळ्याची खोटी प्रत आजवर कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. शिशाच्या सैनिकांना मात्र लिलावात चांगली किंमत येऊ लागली, आणि त्याबरोबर सारे प्रकार सुरू झाले. ह्या प्रकारांसाठी इंग्रजीकडे पाहण्याची गरज नाही. आपल्या जुन्या दप्तरखान्यांनी घडवलेले शब्द पुरेसे आहेत. मूळ कागद तो अस्सल. अस्सलावरून उतरवून घेतलेली ती नक्कल. नक्कल ही लबाडी नव्हे. ‘ही नक्कल आहे’ असे तिच्या माथ्यावर लिहिलेले असते तोवर ती प्रामाणिक असते. माथ्यावरची ती ओळ खोडली की तिची बनावट होते. आणि फाटलेल्या कागदाला मागून चिकटवलेली पट्टी ही डागडुजी. एकच पट्टी कागद वाचवण्यासाठी लावता येते आणि मजकूर झाकण्यासाठीही लावता येते. वस्तूच्या अंगी खोटेपणा नसतो. तिच्याविषयी आपण जे सांगतो आणि जे सांगायचे टाळतो, त्यात तो असतो. शिशाच्या सैनिकांबाबतही माझे म्हणणे एवढेच आहे. बाकी सारा तपशील. पण तपशिलातच खरी गंमत असल्यामुळे तो थोडा सविस्तर सांगते.

पहिली परीक्षा वजनाची. आजकाल अस्सल सैनिकावरून रबराचा साचा घेऊन त्यात पांढऱ्या मिश्रधातूच्या प्रती ओततात. त्या बहुधा भरीव असतात. तळहातावर घेताच जाणत्या माणसाला फरक कळतो. ज्याला कळत नाही त्याने सोनाराच्या काट्यावर एकाच जातीचे दोन सैनिक शेजारीशेजारी ठेवावेत. पोकळ आकृतीत रस परत काढण्यासाठी ठेवलेले बारीक छिद्र, बहुधा डोक्याशी किंवा अशाच सहसा नजरेत न येणाऱ्या जागी, सापडते. टेबलावर हलकेच टेकवले तर जुने शिसे बद्द वाजते आणि नवा कठीण मिश्रधातू किंचित किणकिणतो. दुसरी परीक्षा मापाची. थंड होताना धातू आकसतो, साच्याचे रबरही आकसते. म्हणून अस्सलावरून काढलेली प्रत अस्सलापेक्षा केसभर लहान निघते. ५४ मिलिमीटरच्या सैनिकात हा फरक अर्ध्या-एक मिलिमीटरचा. डोळ्यांना तो दिसत नाही, पण आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपरला दिसतो. नववीच्या मुलांनी गेल्या आठवड्यात तेवीसही सैनिक मोजले, तेव्हा चारजण कमी भरले. त्याच चौघांच्या पट्ट्यांची बक्कले आणि चेहऱ्यांची वळणे चाटून घेतलेल्या गोळीसारखी गुळगुळीत होती.

तिसरी परीक्षा रंगाची. कारखान्यात रंगवणाऱ्यांचे हात झपाट्याने चालत. डोळा म्हणजे एक ठिपका, गालावर एक लाली, पट्टा एका ओढीत. दिवसाकाठी असंख्य सैनिक हाताखालून जात असताना कोणाच्याही डोळ्यांत बुबुळ काढण्याइतकी सवड कोणाला असणार? उलट आजचा हौशी कारागीर संपूर्ण संध्याकाळ एका सैनिकावर घालवतो. तो भुवया रेखतो, दाढीला छटा देतो, डगल्याच्या चुण्यांत सावली भरतो. अतिशय देखणा सैनिक हाती आला तर मला आधी शंका येते. निबंध तपासताना एखाद्या सातवीच्या मुलाच्या वहीत अचानक निर्दोष, सालंकृत परिच्छेद आला की आपण शिक्षक कसे थबकतो, तसेच हे.

रंग उडालेल्या जागा तर मोकळेपणाने बोलतात. मूल खेळते तेव्हा सैनिक ठरावीक ठिकाणी झिजतो: नाकाचे टोक, टोपीचा तुरा, बंदुकीची नळी, बैठकीच्या कडा, आणि चिमटीत धरतात ती पाठ. खोबणीतला रंग, काखेतला रंग टिकून राहतो. बनावट झीज करणारा माणूस पॉलिशकागद घेऊन सगळीकडे सारखाच घासतो आणि मग जुनेपणाचा आव आणण्यासाठी बुटाचे तपकिरी पॉलिश चोळतो. भिंगाखाली ते खाचाखोचांत साठलेले दिसते. त्याहून मोठा साक्षीदार म्हणजे रंगाखालचे शिसे. नुकतेच खरवडलेले शिसे चांदीसारखे चकाकते. थोड्या काळातच ते राखाडी होते. साठ वर्षांपूर्वी उडालेल्या रंगाखाली लखलखीत धातू असेल, तर रंग साठ वर्षांपूर्वी उडालेला नाही. आणि मोडलेल्या जागेवरून, डाखाच्या सांध्यावरून अखंड रंग गेला असेल, तर सांधा आधीचा आणि रंग नंतरचा, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

येथे एका स्वस्त साधनाची शिफारस करते. नोटा तपासण्यासाठी दुकानदार गल्ल्याजवळ ठेवतात तो जांभळट दिवा खोली अंधारी करून सैनिकावर आणि पेटीवर धरावा. नव्या रंगाने भरलेली जागा शेजारच्या जुन्या रंगाहून निराळी उमटते. सांध्यातील आधुनिक चिकटद्रव्य बहुधा फिकट उजळते. पण ह्या दिव्याची खरी करामत कागदावर दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या पुष्कळ कागदांत शुभ्रपणासाठी जी द्रव्ये घालतात ती ह्या प्रकाशात निळसर पांढरी झळकतात. पहिल्या महायुद्धाच्या आधीची म्हणून विकली जाणारी पेटी, आणि तिच्यावरचे लेबल धुतलेल्या सदऱ्यासारखे चमकते, असे मी दोनदा पाहिले आहे. सैनिक पुठ्ठ्याला ज्या दोऱ्याने बांधलेले असत तो दोराही पाहावा. लेबल जुने असून दोरा झळकला, तर सैनिक निदान एकदा सोडवून पुन्हा बांधले आहेत, एवढे तरी निश्चित. दिवा डोळ्यांवर मात्र धरू नये.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे वळते. कारण येथे धातू मागे पडतो आणि अक्षर पुढे येते. १९०० च्या सुमारास दुसरे कारखानदार ब्रिटनच्या सैनिकांच्या चोरट्या प्रती काढू लागले. म्हणजे बनावटीचा इतिहास अस्सलाहून फार धाकटा नाही! त्यांना अडवण्यासाठी बैठकीखाली स्वामित्वहक्काची तारीख छापलेले कागदाचे चिटोरे चिकटवू लागले; पुढे तीच अक्षरे साच्यातच कोरली गेली. ही तारीख वाचून भलेभले फसतात. ती त्या नमुन्याच्या नोंदीची तारीख आहे, त्या सैनिकाच्या जन्माची नव्हे. १९०१ ची तारीख पायाखाली घेऊन एखादा सैनिक त्यानंतर कितीतरी वर्षांनी ओतलेला असू शकतो. उलट, संस्थेचे रूपांतर मर्यादित कंपनीत १९०७ साली झाले. म्हणून ज्या पेटीवर ‘लिमिटेड’ हा शब्द आहे ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असणे शक्य नाही, विकणारा कितीही शपथा घेवो.

पलटणींच्या नावांचेही तसेच. मुंबईच्या ज्या पहिल्या भालाईत पलटणीचा उल्लेख मी केला, तिला १९०३ च्या पुनर्रचनेत एकतिसावा क्रमांक मिळाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर ती दुसऱ्या एका पलटणीत मिसळून तेरावी झाली. तेव्हा पेटीवर ‘तेरावी’ असे छापलेले असेल तर ती पेटी महायुद्धानंतरचीच. मात्र ह्याचे उलटे अनुमान काढू नये. जुने नाव छापलेली पेटी जुनीच असेल असे नाही. कारखानदार जुनी लेबले लगेच फेकून देत नाहीत. नावावरून एवढेच ठरते की, ह्याच्या आधीची ही वस्तू नाही. वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला आरंभ केला तेव्हापासून आपल्याकडचे संशोधक अस्सल कागदाचा आग्रह धरीत आले आहेत. हयात नसलेल्या माणसाचा शिक्का किंवा पुढच्या काळातला किताब एखाद्या कागदात दिसला की तो कागद बाजूला पडतो. मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या बाईला शिशाच्या सैनिकांत काय रस, असे मला पुष्कळदा विचारतात. पाठचिकित्सेचे जे धडे मी विद्यापीठात गिरवले, त्यांचा सर्वाधिक उपयोग मला ह्या लाल पेट्यांवर झाला, हे माझे उत्तर आहे.

पेटी खरी आणि सैनिक उपरे, हा प्रकार फार आढळतो. पेटीसह संच असला की किंमत वाढते. म्हणून रिकाम्या जुन्या पेट्या विकत घेऊन त्यांत जमवाजमव केलेले सैनिक बसवतात. पाचांपैकी चार घोड्यांच्या शेपट्यांचा रंग एक आणि पाचव्याचा निराळा असला, पुठ्ठ्यावर पडलेल्या जुन्या डागांशी बैठकीचा आकार जुळत नसला, की ओळखावे.

डागडुजीविषयी मात्र माझे मन मऊ आहे, हे कबूल करते. हलणारा हात खांद्यातून निखळतो, भाला मोडतो, घोड्याचा पाय जातो आणि मुंडके तर जातेच. पोकळ मान मोडली की आगपेटीतली काडी आत खोचून तिच्यावर मुंडके बसवायचे, ही रीत इंग्लंडातल्या घराघरांत होती. माझ्या सासऱ्यांच्या पेटीतील एका स्वाराच्या मानेत तशीच काडी आहे. ती काढून नव्या पद्धतीने मान बसवावी असे मला एका जाणकाराने सुचवले. मी ती तशीच ठेवली. काही संग्राहक मोडक्या सैनिकाला हात लावू देत नाहीत, काहींना तो पुन्हा नवाकोरा हवा असतो. दुसऱ्या पंथाशी माझे जमत नाही. मोडलेला हात बसवावा, पण मूळ रंगाचा कण जिवंत असेल तोवर त्यावर नवा रंग चढवू नये. मुद्दा पुन्हा तोच: केले असेल ते सांगावे. प्रामाणिक कारागीर नव्या प्रतीच्या तळाशी आपली खूण कोरून ठेवतात. ती खूण पुढच्या कोणीतरी कानशीने घासून टाकलेली मी पाहिली आहे. बैठकीखाली एका दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसल्या की समजावे.

हा सारा खटाटोप हौसेपुरता वाटेल. म्हणून एक प्रसंग सांगते. ज्यांचा आहे त्यांनी सांगायला संमती दिली आहे. चार वर्षांपूर्वी आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या आई माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते. बदलीच्या निमित्ताने गावोगावच्या जुन्या बाजारांतून त्यांनी तीस वर्षे हे सैनिक जमवले होते. ते गेले, आणि दोनच वर्षांत मुलाच्या मूत्रपिंडाचे दुखणे निघाले. घरात होते ते उपचारांत संपत आलेले. मागे एकसष्ट सैनिक, सहा पेट्या आणि यजमानांची एक चौकड्यांची वही. परगावच्या एका व्यापाऱ्याने छायाचित्रे पाहून सगळ्याची मिळून एक रक्कम सांगितली होती. रक्कम खरोखर मोठी होती. अट एकच: वही सोबत नको. “ती तुमच्या घरची आठवण, तुमच्याकडेच राहू द्या,” असे तो म्हणाला. काकूंना त्यात माणुसकी वाटली होती. त्यांना माझ्याकडून एवढेच हवे होते की, रक्कम रास्त आहे का.

तीन रविवार मी आणि आमचे चित्रकलेचे सर त्या सैनिकांपुढे बसलो. चौतीस सैनिक अस्पर्श निघाले. एकोणीसांची डागडुजी झालेली होती, त्यांतल्या काहींचा अर्धा रंग नवा. आठ सैनिक नंतरच्या ओतीव प्रती होते. मी हे काकूंना सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे बाई, ह्यांना लोकांनी फसवलं?” मग आम्ही वही उघडली. एकोणीसच्या एकोणीस सैनिकांपुढे त्यांच्या यजमानांच्या बारीक, तिरक्या अक्षरांत नोंदी होत्या. ‘मान काडीवर बसविली.’ ‘उजवा हात दुसऱ्या सैनिकाचा.’ ‘डगल्याचा तांबडा रंग मी दिला, मागची बाजू मूळची.’ आठांपैकी पाच प्रतींपुढे ‘नवीन, तुलनेसाठी घेतला’ असे लिहिले होते आणि दिलेली किरकोळ किंमत. उरलेल्या तिघांपुढे काहीच नव्हते. त्या तिघांच्या बाबतीत ते फसले असावेत.

व्यापाऱ्याला वही का नको होती, हे आता उघड झाले. वही नसती तर ते एकोणीसही सैनिक अस्सल म्हणून पुढे गेले असते, आणि रंगवलेल्या सैनिकाची किंमत अस्सलाच्या पासंगालाही पुरत नाही. काकूंनी रात्र विचारात काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दूरध्वनी करून सांगितले, “वहीसकट घेणार असतील तर द्या. ह्यांनी एवढं लिहून ठेवलंय, ते मी कसं काढून घेऊ?” व्यापारी अर्थातच मागे सरला. पुढे आठ महिन्यांत तीन वेगवेगळ्या संग्राहकांनी ते सैनिक घेतले. प्रत्येकाला वहीतील त्याच्या पानांची छायाप्रत दिली. एकूण रक्कम पहिल्या बोलीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास भरली. मधल्या आठ महिन्यांत त्या घराने पतपेढीचे कर्ज काढले आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. ही गोष्ट मी मुद्दाम गोड करून सांगत नाही. त्या बाईंनी त्या रात्री जे ठरवले त्याची किंमत त्यांनी रोख मोजली, आणि ती मोजताना त्यांचा मुलगा रुग्णालयात होता. तो आता बरा आहे. मूळ वही काकूंकडे आहे, आणि न विकलेल्या आठ प्रती त्यांनी आपल्या शाळेला दिल्या.

त्या आठांपैकी तीन आज येथे तिसऱ्या काचपेटीत, शेजारी तीन अस्सल सैनिक ठेवून, मांडल्या आहेत. चिठ्ठीवर ‘नक्कल’ हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. समितीतील एका सदस्यांना वाटले की महोत्सवात खोट्या वस्तू कशाला. मला उलट वाटते. अस्सल शेजारी असल्याशिवाय नक्कल दिसत नाही, आणि नक्कल शेजारी असल्याशिवाय अस्सलाचे मोल कळत नाही.

पालकांसाठी काही सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. शिसे विषारी आहे. घरात असे सैनिक असतील तर लहान मुलांच्या हाती खेळायला देऊ नयेत. ती ते तोंडात घालतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, जेवणाच्या टेबलावर ते मांडू नयेत, आणि घासून चकचकीत करण्याचा मोह तर मुळीच धरू नये, कारण उडणारी भुकटी श्वासातून आत जाते. अंगावर पिठासारखी पांढरट भुकटी धरलेला सैनिक दिसला तर त्याला क्षय लागला आहे असे समजावे. जुने लोक हा रोग एका सैनिकाकडून दुसऱ्याला जडतो असे मानीत. खरे कारण बहुधा कपाटात असते. ओकसारख्या काही लाकडांतून, हलक्या पुठ्ठ्यातून आणि ताज्या रंगातून व्हिनेगरात असते त्याच आम्लाची वाफ निघते आणि ती बंद जागेत शिशाला खाते. इंग्रज साहेबाने मोठ्या हौसेने ओकच्या कपाटात जपलेले सैनिक म्हणूनच अनेकदा आधी गेले. आपल्या प्रदर्शनाच्या पेट्या काच आणि रंग न दिलेल्या धातूच्या केल्या आहेत, त्या ह्याच कारणाने. आमच्या शिपाईमामांना त्या ओबडधोबड वाटल्या, पण त्या तशाच राहतील.

राहता राहिल्या चिठ्ठ्या. बावीस सैनिकांच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या आहेत. प्रत्येकीत वस्तू कोणाच्या घरून आली, कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा आणि हे कशावरून ठरवले, अशा ओळी आहेत. जेथे निर्णय पक्का नाही तेथे ‘बहुधा’ हा शब्द लिहिला आहे. तेविसाव्या सैनिकाची चिठ्ठी कोरी ठेवली आहे. तो फेटेवाला पायदळ सैनिक आहे. बैठक चौकोनी, उजवा हात हलता, मानेशी एक सूक्ष्म रेघ. त्याच्याजवळ भिंग, व्हर्नियर आणि हातमोजे ठेवले आहेत. दिवा आणि अंधारी खोली प्रयोगशाळेत मिळेल. नववी आणि दहावीच्या विद्यार्थ्यांनी शनिवारपर्यंत तीन-तीनांच्या गटाने त्याला तपासावे आणि आपली चिठ्ठी शाईने लिहून, खाली नावे घालून, माझ्या कार्यालयात द्यावी. आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या, त्यांत एकमत असो वा नसो, त्या सैनिकाशेजारी लावल्या जातील.

 प्रदर्शनाचे दालन आता खुले होत आहे.